पंधरा लाख एकदाचे की दर मेगावॅटमागे दरवर्षी?

आपल्याकडे शेतीला दिवसा सौर वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये ज्या गावात सोलर प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे ३ वर्षं मिळतात, म्हणजे १५ लाख झाले की विषय संपला, पण पॅनल मात्र २५ वर्षं गावच्या गायरानात उभे राहणार!

स्कॉटलंडमध्ये पद्धत वेगळी आहे, तिथे पवनचक्कीवाल्यांनी प्रकल्पाच्या क्षमतेच्या दर मेगावॅटमागे स्थानिक गावकऱ्यांना वर्षाला ५,००० पौंड द्यायचे, तेही प्रकल्प चालू असेपर्यंत आणि महागाईप्रमाणे वाढवत. शेटलंड बेटांवरचा वायकिंग प्रकल्प ४४३ मेगावॅटचा, १०३ पवनचक्क्या, म्हणजे नुसता गुणाकार केला तरी वर्षाला २२ लाख पौंडांच्या वर जातं.

अर्थात एक गोम आहे, स्कॉटलंडचा तो दर कायदा नाही, सरकारची नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत, कंपनीने हात वर केले तर काय करणार? आपलं अनुदान निदान सरकारी योजनेत लिहिलेलं तरी आहे.

तरी मला विचाराल तर मेगावॅटवालंच बरं. १५ लाखात एक सभामंडप आणि थोडे पेव्हर ब्लॉक बसतात, पाचव्या वर्षी पाण्याची मोटर जळाली की सरपंच परत पाणीपट्टीच्या थकबाकीची वही उघडून बसलेले.