इस्तंबूलचे दोन झाकलेले बाजार: बघायचं कुठे आणि पैसे खर्चायचे कुठे

खरेदीची जागा म्हणून ग्रँड बझारला, म्हणजे तिथल्या लोकांच्या कापालीचार्शीला, पाचपैकी तीन गुण. एमिनोन्यूच्या मसाला बाजाराला साडेतीन. या दोन्हींच्या मधल्या उतारावरच्या आणि भोवतालच्या उघड्या गल्ल्यांना मात्र पाच. जुन्या छताखालच्या गाळ्याचं भाडं जबर असतं आणि ते गिऱ्हाइकाच्याच बिलातून निघतं. तोच गालिचा, तोच पंचा, तेच तिखट शंभर पावलांवर स्वस्त मिळतं, आणि तिथे शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा इस्तंबूलचंच असतं.

आधी वाट ठरवावी. ट्राम टी-१ ने बेयाझितला उतरायचं, ग्रँड बझार पाहायचा, महमूतपाशाच्या दरवाजाने बाहेर पडायचं आणि उतरत उतरत एमिनोन्यूच्या मसाला बाजारापर्यंत यायचं. उलट्या दिशेने गेलात तर हातात पिशव्या घेऊन चढ चढावा लागतो. ग्रँड बझार रविवारी बंद असतो, धार्मिक सणांनाही बंद. मसाला बाजार रविवारी उघडा असतो, पण ईदच्या पहिल्या दिवशी तोही बंद. सकाळी दहाच्या सुमारास पोचावं. दुपारनंतर मुख्य गल्लीत चालणं म्हणजे ढकलत जाणं.

ग्रँड बझारचा गाभा उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदने १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर काही वर्षांतच बांधायला घेतला. आज साठेक गल्ल्या आणि चार हजारांच्या आसपास दुकानं आहेत. हरवायला होतंच, त्यामुळे आत शिरताना दरवाजाचं नाव लक्षात ठेवा, दुकानाचं नको. दुकानं एकसारखी दिसतात. मधोमध असलेलं जुनं दगडी बेदेस्तेन, म्हणजे मौल्यवान मालासाठी बांधलेली बंदिस्त बाजारपेठ, जरूर बघा. चांदी, जुनी घड्याळं, नाणी तिथे आहेत. नुसतं बघायला उत्तम. पुरातन म्हणून विकली जाणारी वस्तू घ्यायची असेल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या: तुर्कस्तानच्या १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने सांस्कृतिक वारशाच्या वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. विमानतळावर ‘दुकानदार म्हणाला होता’ हे चालत नाही. जुन्यासारखी दिसणारी नवी वस्तू घेतलीत तर बिलावर ती नवी असल्याचं आणि कशाची आहे ते लिहून घ्या. खरोखर जुना गालिचा असेल तर संग्रहालयाचा दाखला लागतो. तो देऊ न शकणाऱ्या दुकानातून जुना गालिचा घेऊ नये.

या बाजारात डोळे उघडे ठेवून घेण्यासारखी एकच गोष्ट, ती म्हणजे सोनं. कालपाकचिलार या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना सराफांची रांग आहे आणि भाव लपवायला फारशी जागा नाही, कारण त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. घासाघीस करायची ती घडणावळीवर. दागिन्याची एकूण किंमत ऐकून मान हलवू नका. वजन, कस आणि घडणावळ हे तीन आकडे वेगवेगळे मागा. २२ कॅरटवर ९१६, १८ वर ७५० आणि १४ वर ५८५ असा शिक्का असतो. पर्यटकांसमोर मांडलेले नाजूक दागिने बहुतेक १४ कॅरटचे असतात, त्यात खोटं काही नाही, पण २२ च्या भावाने हिशेब करत बसलात तर फसाल. नुसतं सोनंच हवं असेल तर तिथे लग्नात आहेर म्हणून देतात ते ‘चेयरेक’ नाणं घ्या: २२ कॅरट, पावणेदोन ग्रॅम. त्यावर घडणावळ दागिन्याहून बरीच कमी पडते.

चलन बदलायलाही हीच जागा बरी. बाजारातल्या आणि जवळच्या ‘डोव्हिझ’ दुकानांमध्ये खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर विमानतळापेक्षा कितीतरी कमी असतं. कार्ड देताना यंत्राने ‘तुमच्या चलनात की लिऱ्यात’ विचारलं तर लिरा. दुसरा पर्याय निवडलात की यंत्राच्या मागची संस्था स्वतःचा भाव लावते. आणि इंटरनेटवरच्या जुन्या लेखांतल्या लिऱ्यांच्या किमती विसरा. महागाईने ते आकडे निरुपयोगी करून टाकले आहेत. त्याच दिवशी तीन दुकानांत विचारलेला भाव हाच भाव.

गालिचा घेणार असाल तर स्वतःच्या पायांनी दुकानात जा. वाटाड्यासोबत गेलात तर त्याचं कमिशन किमतीत चढतं, आणि ते लहान नसतं. सफरचंदाचा चहा प्या, त्याने काही बांधील होत नाही. मग गालिचा उलटा करा. हाताने विणलेल्यात गाठ न् गाठ मागे दिसते आणि नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट असते. झालर ताण्याचीच, म्हणजे उभ्या धाग्यांचीच, पुढे आलेली टोकं असायला हवीत; शिवून किंवा चिकटवून लावलेली झालर म्हणजे यंत्राचा माल. रेशमी हेरेके (हेरेके गावच्या नावाने ओळखला जाणारा उंची गालिचा) म्हणून दाखवतील तेव्हा सेंटिमीटरची पट्टी पाठीवर ठेवून गाठी मोजा: उत्तम रेशमी हेरेकेत एका चौरस सेंटिमीटरला शंभर, म्हणजे आडव्या दहा आणि उभ्या दहा. खरी गोम मात्र धाग्यात असते. व्हिस्कोज किंवा पक्क्या चकाकीचा कापूस ‘बांबू रेशीम’, ‘फुलांचं रेशीम’ अशा नावांनी खपवतात. झालरीतला एक तंतू तोडून जाळायला सांगा. रेशीम आणि लोकर केसासारखी जळते, राख चुरडते. व्हिस्कोज कागदासारखा वास सोडतो. जाळायला नकार देणाऱ्याला तुम्हीही नकार द्या. पार्सलने पाठवतो म्हणाले तर नको म्हणा. गालिचा घडी घालून, आवळून बांधला की सामानात मावतो; नेताच येणार नाही इतका मोठा असेल तर पाठीवर सही करून फोटो काढून ठेवा.

महमूतपाशाच्या उतारावर कापडाचं राज्य आहे. पंचे, म्हणजे पेश्तेमाल, इथे घ्या. लेबलवर शंभर टक्के सुती आहे का बघा, पॉलिस्टरची भेसळ सर्रास असते. नवा पंचा पाणी शोषत नाही म्हणून तक्रार होते. तो रात्रभर साध्या पाण्यात भिजवून दोनतीनदा धुतल्यावर शोषायला लागतो. कापड मऊ करणारं द्रव्य घातलंत तर कधीच शोषणार नाही. रंगीत काचांचे दिवे मात्र न घेतलेले बरे: निम्मे सामानात फुटतात आणि उरलेल्यांची वायर बदलून घ्यावी लागते.

आता मसाला बाजार. १६६० च्या दशकात पूर्ण झालेली ही इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची इमारत शेजारच्या येनी जामी मशिदीच्या खर्चासाठी बांधली होती. आत दिसणारे रंगीत ढीग छायाचित्रासाठी छान आहेत, पण उघड्यावर पडलेल्या मसाल्याचा वास उडून गेलेला असतो. पिशवी किंवा बरणी उघडून वास घ्या, मगच वजन करा.

सगळ्यात मोठी फसवणूक केशराची. ढिगाने मांडलेलं, शंभर ग्रॅमच्या भावाने मिळणारं ‘तुर्की केशर’ हे करडईच्या फुलांच्या पाकळ्या असतात. भाताला पिवळा रंग येईल, चव येणार नाही. खरं केशर ग्रॅमने, छोट्या काचेच्या डबीत मिळतं. तंतू गडद लाल आणि एका टोकाला तुतारीसारखा पसरलेला असतो. कोमट पाण्यात टाकलं की रंग हळूहळू, दहापंधरा मिनिटांत उतरतो, पाणी सोनेरी होतं आणि तंतू लालच राहतो. टाकताक्षणी पाणी लाल झालं आणि तंतू फिका पडला तर रंगवलेला माल.

जर्दाळूंमध्ये सुंदर दिसतात ते टाळा. भडक नारिंगी रंग गंधकाच्या धुरीने टिकवलेला असतो. उन्हात वाळवलेले, ‘ग्युन कुरुसु’ म्हणून विकले जाणारे, तपकिरी, सुरकुतलेले असतात. चवीला ते कितीतरी गोड. उरफाची काळसर मिरची, इसोत, दिवसा उन्हात वाळवून रात्री झाकून घाम फोडलेली असते, म्हणून ती दमट आणि तेलकट लागते. कोरडी भुकटी असेल तर नको. सुमाक, म्हणजे आंबट फळांची भरड, हीही जाडसर, किंचित ओलसर, गडद वाइनरंगी हवी. त्यात मीठ असतं, ते टिकण्यासाठी, तेव्हा पदार्थात मीठ बेताने घाला.

लोकुमच्या, म्हणजे ‘टर्किश डिलाइट’ या मिठाईच्या, दुकानात हातचलाखी वजनकाट्यावर होते. विक्रेता तुमच्याशी बोलता बोलता डब्यात सगळ्यात महाग पिस्तेवाले तुकडे भरत जातो आणि मग दीड किलोचं बिल पुढे येतं. आधी बोला: कोणता प्रकार, किलोचा भाव काय (पाटीवरचा आकडा शंभर ग्रॅमचाही असू शकतो), किती ग्रॅम, रिकाम्या डब्याचा धडा करून घ्या, म्हणजे त्याचं वजन वजा होईल. दाबल्यावर परत वर येतो तो ताजा. दोनदा आटवलेला, ‘चिफ्ते काव्हरुल्मुश’, लहान आणि घट्ट असतो, प्रवासात चिकटत नाही. हाजी बेकीरचं १७७७ पासूनचं दुकान इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. घासाघीस नाही, फसवणूकही नाही.

पश्चिमेच्या दारातून बाहेर पडताच कॉफीचा वास येतो. कुरुकाह्वेजी मेहमेत एफेंदी, १८७१ पासून. रांग लांब दिसते, पण भरभर सरकते. कागदी पुडीतली ताजी दळलेली कॉफी तिथल्या मुक्कामातच संपवा, पिठाइतकी बारीक असल्याने वास लवकर जातो. सोबत न्यायला बंद डबा घ्या.

पुढची हासिरजिलार गल्ली आणि तहताकाले हा भाग खरा. तिथे मसाले, सुका मेवा, चीज, तांब्याची भांडी, लाकडी लाटणी सगळं आहे, आणि पिशवी ‘व्हाकुम’ करून द्या म्हटलं की हवा काढून सील करून देतात. याच गल्लीत दुकानांच्या वर रुस्तेम पाशा मशीद उभी आहे. उस्मानी वास्तुविशारद मिमार सिनानने सोळाव्या शतकात बांधलेल्या या मशिदीच्या भिंती इझ्निकच्या (रंगीत चिनी मातीकामासाठी प्रसिद्ध गावच्या) फरशांनी मढलेल्या आहेत. चिनी मातीची भांडी घ्यायचा विचार असेल तर आधी वर जाऊन त्यातला लाल रंग बघून या: तो बोटाला जाणवेल इतका उठून आलेला असतो. खाली येऊन ‘इझ्निक’ म्हणून दाखवलेली ताटली हातात घ्या. छापील नक्षी सपाट आणि प्रत्येक ताटलीवर अगदी हुबेहूब असते. खाण्यासाठी वापरायची असेल तर झिलईत शिसं नाही हे लेखी मागा, नाहीतर ती भिंतीवरच टांगा.

मोठी खरेदी असेल तर करपरताव्याचा फॉर्म दुकानातच भरून घ्या. विमानतळावर सामान आत सोडण्यापूर्वी कस्टमचा शिक्का लागतो, कारण अधिकारी वस्तू दाखवायला सांगू शकतात. बॅग पट्ट्यावरून गेली की परतावा गेला.