घोड्याची जुनी ट्रॉली घेताना मी कसा गंडलो

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे "एवढं कळत नव्हतं का?" हे विचारायचे तुमचे श्रम वाचतील.

सिंहगडाच्या पायथ्याशी, डोणज्याच्या बाजूला आमची छोटी पागा आहे. दोन घोड्या आणि एक तट्टू. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजाराला जायचं म्हणजे ट्रक ठरवा, आत कडबा पसरा, मातीच्या बांधाला ट्रक मागून लावा आणि घोडी चढवायला चार माणसं गोळा करा. म्हटलं, दोन घोडी आत उभी राहतील अशी आपली ट्रॉली असली की बोलेरोला जोडली आणि निघालो.

जाहिरातीतले फोटो झकास होते. ट्रॉली वाघोलीच्या पुढे एका गोडाऊनमागे उभी होती. विकणारा बोलायला गोड. "दादा, स्टड फार्मची गाडी आहे. पावसाळ्यात रेसकोर्सवर यायची, बाकी वर्षभर शेडमध्ये." पुण्याच्या रेस जुलै ते ऑक्टोबरच असतात, त्यामुळे मला ते लगेच पटलं. भाव 1 लाख 40 हजारांवर आला. मी म्हटलं, आमच्या डेंटरला एकदा दाखवतो. "दाखवा की. पण घोड्याच्या ट्रॉलीचं काम कळणारा माणूस एकच आहे, भोसरीला. त्यालाच बोलावतो, त्याचे पैसे मी देतो."

इथे मनात पाल चुकचुकायला हवी होती. चुकचुकली नाही. उलट फी वाचली म्हणून बरं वाटलं.

तो मिस्त्री आला, पत्र्यावर टिचक्या मारल्या, टायरला लाथ घातली, तोंड वाकडं केलं. रंग गेलाय म्हणाला, रॅम्पचे बिजागर बदलावे लागतील, वायरिंग नवीन टाकावं लागेल. साठ हजारांत नवी करून देतो. वर माझ्यादेखत मालकाशी भांडून पाच हजार कमी करून घेतले. मी त्याला चहा पाजला.

20 हजार ऑनलाइन आणि बाकी रोख मोजून ट्रॉली पागेत आणली. घोडी काही केल्या आत पाय ठेवीना. घोड्यांची देखभाल करणारे आमचे मोतद्दार काका तीस वर्षं घोड्यांत आहेत. ते आत वाकले, हुंगलं आणि म्हणाले, "मॅट उचला, साहेब."

मॅट सोल्युशनने चिकटवलेली होती. पहारीने ओढून काढली. खाली नवं कोरं प्लायवूड, आणि त्याखाली मूळच्या फळ्या, काळ्याकुट्ट. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला, चहात बुडवलेल्या खारीत बोट जावं तसा. घोड्याचं मूत मॅटखाली मुरतं, तिथे वारा लागत नाही, लाकूड कुजतं आणि ती ओल लोखंडही खाते. वरून काही दिसत नाही. चारशे किलोंचं जनावर त्यावर उभं करून कात्रजचा घाट उतरायचा, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाली सरपटत गेलो. तळ पेलणाऱ्या आडव्या लोखंडी चॅनलला ताजा डांबरी रंग फासला होता. हातोडी मारली की पापुद्रे अंगावर पडत होते. बाजूच्या पत्र्याला फ्रिजवरचं लोहचुंबक लावून पाहिलं, खालच्या वीतभर पट्ट्यात कुठेच चिकटेना. गंजलेल्या पत्र्यावर सगळी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. टायर काळ्या पॉलिशने चमकत होते, पण कडेला चार आकडे होते, 1109. म्हणजे 2009 सालच्या अकराव्या आठवड्यातला माल.

आणि नंबर. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच धरलाय, त्याची नोंदणी वेगळी लागते. हे मला माहीत होतं, आणि तरी मी आरसी नुसती डोळ्यांखालून घातली. सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला तेव्हा तो निघाला ट्रॅक्टरमागच्या शेतीच्या ट्रॉलीचा. चासी नंबरची पट्टी जुन्या रंगावर नव्या रिव्हेटने ठोकलेली होती.

मिस्त्रीला फोन लावला. उचलला विकणाऱ्याने. "हॅलो" या एका शब्दात मी त्याला ओळखलं. मी बोलायला लागलो तसं त्यानेही मला ओळखलं असावं, कारण फोन लगेच कट झाला.

मग आमच्याच डेंटरकडून हिशेब करून घेतला, जो पैसे देण्याआधी करायचा होता. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून फळ्या, आडवे चॅनल सगळे नवे, टायर, बेअरिंग, ब्रेक, मजुरी, एकूण 2 लाख 20 हजार. सांगाडा शाबूत असता तर फळ्या, टायर आणि रंग यांवर खर्च करायला मी कचरलो नसतो, लाकडी तळ बदलणं हे नेहमीचंच काम आहे. इथे सांगाडाच खाल्लेला. शिवाय जनावरांच्या वाहतुकीच्या नियमात एका घोड्याला 2.25 चौरस मीटर कप्पा लागतो. टेप लावला तर 1.7 सुद्धा भरेना. एवढा खर्च करूनही ती रस्त्यावर आणता आली नसती, कारण कागदच तिचे नव्हते.

चौकीत अर्ज दिला. पावतीवर "आहे त्या स्थितीत" असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही, त्यामुळे साहेबांनी आधी माझ्याकडेच बघितलं. नंबरपट्टीचं सांगितल्यावर मात्र अर्ज घेतला, पोच दिली आणि तपास होईपर्यंत भंगारात घालू नका म्हणाले.

म्हणून ती मागच्या आवारात उभी आहे. आत कडबा रचून ठेवतो, तोही कडेकडेने. मधे कोणी पाय ठेवत नाही.