समुपदेशक व्हायचे तर पुण्यात काय घ्यावे : मानसशास्त्रात एम.ए. की एम.एस.डब्ल्यू.?

पदवीनंतर समुपदेशनाकडे वळणाऱ्या पुण्यातील विद्यार्थ्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत मानसशास्त्रातील एम.ए., किंवा कर्वे समाजसेवा संस्थेसारख्या ठिकाणी मनोविकारविषयक समाजकार्याचे विशेषीकरण घेऊन एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी). तिसरी, दूरशिक्षणाची सोयीची वाट आता बंद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले आहेत.

दोन्ही पदव्या दोन वर्षांच्या असल्या, तरी विद्यार्थ्याचा वेळ जातो कुठे यात मोठा फरक आहे. एम.ए.मध्ये व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, मनोविकृतिशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्रीय चाचण्या यांचा पाया पक्का होतो; मात्र प्रत्यक्ष माणसासमोर बसण्याचा सराव इंटर्नशिपपुरता राहू शकतो, आणि तिथेही नवख्याच्या वाट्याला बरेचदा निरीक्षणच येते. एम.एस.डब्ल्यू.चा विद्यार्थी पहिल्या सत्रापासून आठवड्यातले ठरावीक दिवस क्षेत्रकार्याला, म्हणजे संस्थेत किंवा रुग्णालयात प्रत्यक्ष कामाला, जातो. ‘रात्री झोप लागत नाही, जीव घाबरा होतो’ असे रुग्णाच्या पत्नीने सांगितल्यावर आपण काय उत्तर दिले, हे त्याला अहवालात शब्दशः लिहावे लागते. मग पर्यवेक्षक विचारतात, ‘इथे ऐकून घ्यायचे सोडून सल्ला का दिलात?’ समुपदेशकाची खरी घडण या प्रश्नाने होते, असे मला वाटते. उलट, चाचण्या घेणे आणि उपचारपद्धतींचा सखोल अभ्यास या बाबतीत एम.एस.डब्ल्यू. तोकडी पडते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही पदव्या अपुऱ्या आहेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ता या व्याख्यांमध्ये साधी एम.ए. किंवा साधी एम.एस.डब्ल्यू. बसत नाही; त्यापुढे एम.फिल.सारखे प्रशिक्षण लागते, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही आवश्यक असते. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद केली व या दोन शाखांना २०२५-२६ पर्यंतच मुदतवाढ दिली, त्यामुळे पुढे हीच वाट धरायची असेल तर पर्यायी अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे ना, हे आधी पाहावे. शिवाय समुपदेशक व मानसशास्त्रज्ञ यांचा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात झालेला आहे, म्हणजे या पेशांनाही आता कायद्याची चौकट आहे.

शाळा, महाविद्यालय किंवा खासगी समुपदेशन केंद्र डोळ्यांसमोर असेल, तर मी एम.ए. सुचवेन; व्यसनमुक्ती केंद्र, रुग्णालय किंवा वस्तीपातळीवरील काम करायचे असेल, तर एम.एस.डब्ल्यू. घ्यावी. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकापेक्षा तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावे आणि दोनच गोष्टी विचाराव्यात : इंटर्नशिपची जागा संस्था मिळवून देते की स्वतः शोधावी लागते, आणि तुमच्या केसवर बोलायला पर्यवेक्षक आठवड्यातून किती वेळ बसतात.