गोव्याच्या पावसाळ्यात जुनी एसएलके: ‘डब्ल्यू’च्या बटणासह वापरानंतरचा अनुभव

माझ्या जुन्या मर्सिडीज एसएलकेच्या गिअरच्या दांड्याशेजारचे ‘डब्ल्यू’चे लहानसे बटण चालेनासे झाले म्हणून गाडी गोव्याबाहेरील एका सेवा केंद्रात नेली. तेथील सल्लागारांनी ‘हे बटण बर्फासाठी असते, आपल्याकडे लागत नाही’ असे सांगून ते काम यादीतून परस्पर खोडले आणि मी आग्रह धरल्यावर गिअरच्या दांड्याचा अख्खा संच बदलण्याचे अंदाजपत्रक पुढे केले. त्या रकमेत चारही टायर नवे येऊन वर पेट्रोलपुरते पैसे उरले असते. मला राग आला तो रकमेपेक्षाही त्या ‘लागत नाही’चा, कारण पावसात ही गाडी चालवताना या बटणाइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही, असे माझे तेव्हा ठाम मत होते. आता ते मत तितके ठाम राहिलेले नाही, पण बटणावरचा माझा हक्क मी सोडलेला नाही.

गाडी २००१ सालची एसएलके २३० कॉम्प्रेसर आहे, म्हणजे १९९६ मध्ये आलेल्या आर१७० या पहिल्या पिढीतील आणि २००० च्या फेरबदलानंतरची. सुपरचार्जर असलेले चार सिलिंडरचे इंजिन, पाच गिअरचा ऑटोमॅटिक, २५ सेकंदांत डिकीत घडी होऊन बसणारे पत्र्याचे छप्पर, हे सगळे जाणकारांना ठाऊक असल्याने त्यात वेळ दवडत नाही. येथे महत्त्वाचे एवढेच की या इंजिनाचा २८० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, मिनिटाला २,५०० फेऱ्यांवरच पूर्णपणे हाती येतो आणि तो सगळा मागच्या दोन चाकांवर जातो. त्यामुळे ओल्या रस्त्यावर ही गाडी भरधाव वेगात त्रास देण्याच्या कितीतरी आधी, जागेवरून सुटतानाच त्रास देऊ शकते.

बटणाच्या एका टोकाला ‘एस’ आणि दुसऱ्या टोकाला ‘डब्ल्यू’ असे अक्षर आहे. पहिले नेहमीच्या वापरासाठी, दुसरे हिवाळ्यासाठी. ‘डब्ल्यू’ दाबले की गाडी पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरवर सुटते, पुढचे गिअर लवकर पडतात, आणि या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सचीही दोन गुणोत्तरे असल्यामुळे मागे घेतानासुद्धा त्यातले सौम्य गुणोत्तर वापरले जाते. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर पहिल्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी असते, म्हणजे सुटताना चाकावर पोहोचणारा जोरही तेवढाच घटतो. ही सोय करणाऱ्या अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर गोठलेले रस्ते असतील. तरी रस्त्याची पकड कमी असताना चाकाला कमी जोर द्यावा, हा हिशेब बर्फाला जितका लागू आहे तितकाच चिखलालाही लागू आहे, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असल्याने चिखलाची आपल्याकडे कधी टंचाई पडलेली नाही.

मी मये येथे राहतो आणि कामानिमित्त पणजीला जातो. डिचोलीच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांच्या चाकांबरोबर रस्त्यावर आलेली तांबडी माती मृगाच्या पहिल्या सरींनी भिजते आणि डांबरावर तिचा पातळ, जेमतेम दिसणारा थर बसतो. हा थर पुनर्वसूतल्या मुसळधार तरण्या पावसापेक्षा घातक असतो, कारण तो पाऊस निदान रस्ता धुऊन तरी काढतो. पहिल्या सरींच्या त्या आठवड्यांत ‘एस’मध्ये सुटणे म्हणजे प्रत्येक चौकात मागची चाके क्षणभर जागच्या जागी फिरवणे होय.

परंतु बटणाची खरी परीक्षा होते ती चोडण आणि रायबंदर यांच्यामधील फेरीबोटीवर. बोट धक्क्याला लागली की तिचा लोखंडी रॅम्प उतारावर टेकतो. वर्षानुवर्षे चाके फिरून तो गुळगुळीत झालेला असतो, त्यावर चिखलाचे पाणी असते आणि समोर धक्क्याचा चढ असतो. गाडी बाहेर पडताना पुढची चाके चढावर पोहोचलेली असतात, आणि ढकलण्याचे सगळे काम करणारी मागची चाके नेमकी त्या ओल्या लोखंडावर असतात. ‘एस’मध्ये पेडलवर पाय टेकताच मागचे एक चाक चर्रकन फिरते, मीटरमधला पिवळा त्रिकोण लुकलुकू लागतो, ईएसपी ही घसरण रोखणारी यंत्रणा इंजिनाचा जोर कापते आणि गाडी तेथेच थरथरत उभी राहते. मागे दुचाकीवाल्यांचे हॉर्न सुरू होतात आणि बोटीवरचा खलाशी ‘सवकास, बाब, सवकास!’ म्हणून हात हलवत पुढे येतो, जणू सवकास जाण्याला माझी हरकत आहे. ‘डब्ल्यू’मध्ये हीच गाडी त्रिकोण न पेटवता, कसलीही कुरकुर न करता चढून जाते. त्यानंतर मी पाऊस सुरू असेतो बटण ‘डब्ल्यू’वरच ठेवू लागलो. ओव्हरटेक करताना गाडी सुस्त वाटे, पण घाई असलेल्याने फेरीबोटीच्या वाटेला जाऊच नये.

या श्रद्धेला पहिला धक्का दिला तो टायरांनी. गाडी घेतली तेव्हा मागच्या टायरांवर नक्षी भरपूर शिल्लक होती आणि विक्रेता ती कौतुकाने दाखवत होता. बाजूवर कोरलेले चार अंक मात्र ‘३२१४’ असे होते, म्हणजे टायर २०१४ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झालेले. इतक्या वर्षांत रबर कडक होते आणि नक्षी कितीही खोल असली तरी ओल्या डांबराला ते रबर चिकटत नाही. त्या अंकांवर बोट ठेवून मी भाव पाडून घेतला आणि नवे टायर शोधायला लागलो, तर घोडे अडले ते मापाशी. या गाडीला पुढे २०५/५५ आर१६ आणि मागे २२५/५० आर१६ लागतात. पुढचे माप अनेक सेडान गाड्यांचे असल्याने कोणत्याही दुकानात मिळते, मागचे मात्र मागवावे लागते, आणि मागवून आल्यावर त्याची किंमत ऐकून दुकानातल्या खुर्चीवर बसावे लागते. दोन्ही मापांची उंची जवळजवळ सारखीच असल्यामुळे टायरवाल्याने चारही चाकांना २०५ बसवण्याचा सल्ला दिला. स्वस्ताईच्या दृष्टीने तो मोहात पाडणारा होता आणि अरुंद टायर साचलेले पाणी अधिक चांगले कापतो, हेही खरे आहे. तरीही मागची पकड पुढच्यापेक्षा जास्त ठेवण्याचा कारखान्याचा निर्णय ढकलणाऱ्या चाकांच्या गाडीत विनाकारण घेतलेला नसतो, म्हणून मी पदरचे पैसे मोजून २२५ मागवले आणि ते येईपर्यंत पहिला पावसाळा जवळजवळ सरला.

नवे टायर बसल्यावर पुढच्या वर्षी, सवय म्हणून नव्हे तर मुद्दाम, त्याच रॅम्पवर ‘एस’ ठेवून पाहिले. त्रिकोण क्षणभर लुकलुकला आणि गाडी चढली. म्हणजे ज्याचे श्रेय मी बटणाला देत होतो त्यातला मोठा वाटा टायरांच्या दोषाचा होता आणि बटण तो दोष झाकत होते. परदेशातील मालक हिवाळ्यासाठी वेगळे टायर बसवतात, कारण नेहमीच्या टायरांचे रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली ताठर होते. आपल्या पावसाळ्यात पारा २० च्या खाली सहसा उतरत नसल्याने त्या टायरांचा येथे काडीचा उपयोग नाही, उलट ते भराभर झिजतील. त्यांच्याकडून घ्यायचा धडा फक्त एवढाच की ऋतू बदलण्याआधी टायरांकडे पाहावे. डिकीत वाळूची पोती ठेवण्याची त्यांची जुनी युक्ती मी करून पाहिली नाही आणि करणारही नाही, कारण मागे वाढवलेले वजन सुटताना पकड देत असले तरी वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर फेकायलाही तेच मदत करते, आणि छप्पर उघडल्यावर डिकीत उरणाऱ्या १४५ लिटर जागेत पोते ठेवायचे झाल्यास बाजारातून आणलेला नारळही मांडीवर घ्यावा लागेल.

टायरांतील हवेबद्दलचा एक गैरसमज येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पेट्रोल पंपावर दरवर्षी तो नव्याने ऐकू येतो. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी ठेवावी, असे हवा भरणारी मुले आपुलकीने सुचवतात. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंद पट्ट्यात पाणी साचते तेव्हा प्रश्न पकडीचा नसून टायर पाण्यावर तरंगण्याचा असतो. विमानांच्या चाकांचा अभ्यास करून नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या सूत्रानुसार हा तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब ३० पीएसआय असेल तर तो ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतो, दाब घटवला की तोही खाली येतो, आणि गुळगुळीत झालेल्या टायरांना तो अधिक लवकर गाठतो. तेव्हा हवा पुस्तकात लिहिली आहे तेवढीच ठेवावी आणि मुलांचे आभार मानून निघावे. या प्रसंगात ‘डब्ल्यू’ही काही करू शकत नाही, कारण तरंगणाऱ्या चाकाला गिअर कोणता आहे याच्याशी देणेघेणे नसते, वेग कमी ठेवणे एवढा एकच उपाय तेथे चालतो.

दुसरा धक्का घाटात बसला. ‘डब्ल्यू’मध्ये गिअर लवकर वर चढतात, त्यामुळे उतारावर इंजिनाचा अडसर राहत नाही आणि गाडी मोकाट धावते. काणकोणच्या वाटेवरील करमल घाटात, जेथे वळणापाठोपाठ वळण येते आणि झाडांखालचा रस्ता दुपारीही ओलाच असतो, तेथे सारखे ब्रेक दाबत उतरण्यात मला काही शहाणपण दिसले नाही. आता उतार सुरू होण्याआधी, सरळ रस्त्यावरच, बटण ‘एस’वर आणून दांड्याने गिअर तिसऱ्यावर अडवतो. आधीच करणे महत्त्वाचे आहे. वळणात शिरल्यावर गिअर खाली ओढला तर इंजिनाचा सगळा अडसर एकट्या मागच्या चाकांवर येतो आणि ओल्या रस्त्यावर ती घसरायला तेवढे निमित्त पुरते. चोर्ला घाट चढताना मात्र धुके असो वा पाऊस, ‘डब्ल्यू’ पुन्हा आवडू लागते, कारण वळणातून बाहेर पडताना पेडलवर पाय थोडा जास्त पडला तरी जोर मऊपणे येतो.

पाण्याची गळती हा अशा गाड्यांबद्दल सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, पण माझ्याकडे त्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. घरासमोर गुलमोहर असून त्याची बारीक पाने वायपरखालच्या जाळीतून आत जातात आणि पाणी वाहून नेणाऱ्या भोकांत बसतात. चवथीच्या आधी एकदा बोनेट उघडून ती हाताने काढली, तेव्हा ओल्या पानांचा मूठभर काळा लगदा निघाला आणि तुंबलेले पाणी खळ्‌कन खाली गेले. त्यानंतर पायाखालचा गालिचा ओला झालेला नाही. बुरशी मात्र येते. लेदरच्या आसनांवर श्रावणात पांढरी लव धरते आणि ऊन पडेल त्या दिवशी छप्पर उघडून ती पुसावी लागते.

बटणाची दुरुस्ती शेवटी डिचोली बाजारातील एका वाहन इलेक्ट्रिशियनकडे झाली. त्यांनी दांड्याभोवतीची चौकट उचलली, आतल्या संपर्कपट्ट्यांवर दमट हवेने धरलेला हिरवट थर दाखवला, कागदाने घासून आणि फवारा मारून तो काढला आणि चहा संपायच्या आत चौकट परत बसवून दिली. मजुरी इतकी किरकोळ होती की मी ती विचारून पुन्हा एकदा खात्री केली. अंदाजपत्रकाचा कागद मी त्यांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता परत दिला.

खर्चाची खरी धास्ती आता परिवहन कार्यालयाकडून आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. आयात केलेल्या चारचाकीसाठी त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या आयात गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते ८०,००० रुपये करण्यात आले. माझ्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते. नाकापेक्षा मोती जड, असे घरातून रोज ऐकू येते आणि आकड्यांपुरते ते खोटेही नाही. तरीही मी ते शुल्क भरणार आहे, आणि त्या वर्षी पुढचे टायर बदलायचे नाहीत अशी तडजोड झाली आहे. त्यांच्यावरचे अंक सुदैवाने ताजे आहेत.

जुनी आर१७० पाहायला जाणाऱ्याने गाडी चढावर उभी करावी, एकदा ‘एस’मध्ये आणि एकदा ‘डब्ल्यू’मध्ये अगदी हळू सोडून पाहावी. सुटण्यातला फरक स्पष्ट जाणवला नाही तर बटण बंद आहे असे समजून ती दुरुस्ती किरकोळ मानावी, पण भाव करताना मात्र तसे बोलून दाखवू नये. त्यानंतर मागच्या टायरांवरचे चार अंक वाचावेत, वायपरखालची भोके बोटाने तपासावीत, आणि नोंदणी कोणत्या साली संपते ते पाहून नूतनीकरणाची रक्कम मागितलेल्या किमतीतून आधीच वजा करून बोली लावावी.