पांडा की हॅन्ली, रेड सॉक्सला जास्त महाग कोण पडला?

नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल टीमने पाब्लो सँडोवाल ऊर्फ पांडा (5 वर्षं, 95 मिलियन डॉलर) आणि हॅन्ली रामिरेझ (4 वर्षं, 88 मिलियन) दोघांना एकदमच उचललं आणि 2015 ला टीम डिव्हिजनमध्ये (लीगमधल्या आपल्या गटात) शेवटची, घ्या आता. हॅन्ली मुळात शॉर्टस्टॉपवाला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर), त्याला लेफ्ट फील्डला (मागे, मैदानाच्या डाव्या बाजूला) उभा केला नि फिल्डिंगची पार वाट लागली, पण यात ठरवणाऱ्यांचीच चूक जास्त, कारण 2016 ला फर्स्ट बेसवर आल्यावर पठ्ठ्याने 30 होमरन ठोकले. पांडा? त्या सीझनला फक्त 3 मॅच, मग खांद्याचं ऑपरेशन (बॅट फिरवताना बेल्ट तुटला तो किस्सा वेगळाच 😂). जुलै 2017 ला त्याला सोडला तेव्हाही जवळपास 48 मिलियन देणं बाकीच होतं. माझं मत पांडाच, हॅन्लीने निदान एक वर्ष तरी पैसे वसूल करून दिले.