डबेवाल्यांची सेवा: डब्यासोबत गटही बघा

डबा लावायचा म्हटलं की लोक दर आणि वेळ विचारतात. ग्राहकसेवेची टीम सांभाळणाऱ्याने मात्र गटाची घडण विचारावी. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत सुरू केलेलं, घरचा डबा ऑफिसात पोचवायचं हे काम आजवर टिकलं, ते या घडणीवरच.

आधी झाकण बघा. त्यावर नाव नाही, पत्ता नाही. मधोमध ठळक ३, म्हणजे डबा कुठल्या भागात उतरवायचा. कडेला ‘९ ईएक्स १२’: ९ म्हणजे तिथे पोचवणारा गडी, ईएक्स म्हणजे एक्सप्रेस टॉवर्स ही इमारत, १२ म्हणजे मजला. ‘व्हीएलपी’ म्हणजे डबा विलेपार्ल्याहून आलेला. सायकल, लोकलचा लगेज डबा, हातगाडी असं करत डबा तीन-चार जणांच्या हातून जातो आणि प्रत्येकाला आपल्यापुरतं हवं ते झाकणावरच दिसतं. कॉल सेंटरमध्ये नेमकं इथेच घोडं अडतं. तक्रार दुसऱ्या टेबलावर गेली की ग्राहकाने पुन्हा पहिल्यापासून रामायण सांगायचं.

आता माणसं. साधारण १५ ते २५ जणांचा गट, वर मुकादम. तो याच कामात मुरलेला असतो, त्यामुळे डबे लावणं, उधारी वसूल करणं, भांडण मिटवणं त्याच्याकडेच. गटात दोन-तीन गडी जादा ठेवलेले असतात. कुणी आजारी पडला, कुणाची सायकल पंक्चर झाली, तरी त्याच्या वाटचे डबे थांबत नाहीत. आमच्या मते ही या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट. ऑफिसांत नेमकी हीच जागा ‘खर्च’ म्हणून आधी कापली जाते, मग दोघांनी दांडी मारली की उरलेल्यांवर कॉल कोसळतात, आवाज चढतात आणि माणसं नोकरी सोडतात.

खर्च वजा जाता गटातली कमाई सारखी वाटली जाते, म्हणून दुसऱ्याचा डबा उचलताना ‘माझं काय’ हा प्रश्नच येत नाही. नवा गडी सहा महिने उमेदवारी करतो, मगच पैसे भरून भागीदार होतो. बहुतेक जण मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडचे, एकमेकांच्या घरच्यांना ओळखणारे. पांढरी टोपी नसेल किंवा दारू पिऊन कामावर आला तर दंड. शिस्त ग्राहकालाही आहे: वारंवार डबा उशिरा भरून देणाऱ्याचं काम बंद होतं. बाकीचे सगळे डबे एका घरासाठी खोळंबवायचे नाहीत, हे गडी ठणकावून सांगू शकतो, कारण मुकादम त्याच्या पाठीशी असतो. किती टीम लीडर असे उभे राहतात?

उणिवाही आहेत. डबा आत्ता कुठे आहे हे कळायची सोय नाही. पावसात लोकल बंद पडल्या की सेवाही बंद. चैत्रात गावच्या जत्रांसाठी काही दिवस सगळे एकदम सुट्टीवर जातात. मार्च २०२० च्या लॉकडाऊननंतर बरेच गडी परतलेच नाहीत, त्यामुळे सगळ्या भागांत पूर्वीसारखी सेवा मिळेलच असं नाही.

डबा लावायचाच असेल तर आधी स्टेशनवर मुकादमाला गाठा आणि दोन गोष्टी विचारा: आमच्या इमारतीत आत्ता किती डबे जातात, आणि गडी सुट्टीवर असला तर बदली कोण येतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नावानिशी मिळालं तर डबा बिनधास्त लावा.