धायरीतल्या आमच्या गच्चीवरचं सोलर, एका वर्षानंतर

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, आमच्या धायरीच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. माणसं सरळ होती, पण दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या नाहीत आणि मलाही विचारायच्या सुचल्या नाहीत.

गच्ची बघायला त्यांचा मुलगा आला तो मे महिन्यात, भर दुपारी बाराला. "काकू, सावली कुठेच नाही बघा." खरंच नव्हती. मे महिन्यात पुण्यात सूर्य ऐन डोक्यावर असतो, सावली पडणार कुठे? डिसेंबरात तो दक्षिणेला कलला आणि नैऋत्येच्या पाण्याच्या टाकीची सावली अडीचपासूनच कडेच्या दोन पॅनलवर चढायला लागली. पॅनल एका ओळीत जोडलेली असली की दोघांवरच्या सावलीने सगळ्या ओळीची वीज घटू शकते. ॲपमधला आलेख रोज अडीचला कड्यावरून कोसळल्यासारखा खाली यायचा. तेव्हा सर्वेला माणूस आला की एवढं विचाराच: डिसेंबरात दुपारी तीनला ही सावली कुठे असेल?

दुसरं दुखणं जुलैतलं. स्टँडचे पाय स्लॅबला ड्रिल मारून बोल्टने घट्ट केले होते. भोकं थेट वॉटरप्रूफिंगमधून गेली. झोपायच्या खोलीच्या छताला आधी पुरीएवढा ओला डाग दिसला, मग रंगाचे पोपडे सुटले. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड उभं करता येतं, हे मला मिस्त्रीकडून कळलं. काम सुरू व्हायच्या आधी पाय कसे बसवणार आणि गळती झाली तर खर्च कोणाचा, हे कोटेशनवर लिहूनच घ्या.

कागदपत्रं मात्र त्यांनी फार चोख केली. महावितरणचं बिल अजून सासऱ्यांच्या नावावर होतं, ते आधी माझ्या नावावर करून घ्यायला लावलं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे. ती ग्राहकाच्या बँक खात्यात येते, आणि तीही काम पूर्ण झाल्यावर. म्हणजे आधी पूर्ण पैसे उभे करावे लागतात. सबसिडीसाठी पॅनलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात, त्यालाच डीसीआर म्हणतात. एका दुसऱ्या विक्रेत्याचं कोटेशन चांगलंच स्वस्त होतं, पण त्यात हा शब्दच नव्हता. मी गच्चीवर जाऊन सहाही पॅनलच्या मागचे सिरियल नंबर बिलाशी ताडून पाहिले. तुम्हीही पाहा.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा युनिटपर्यंत वीज होते, आभाळ भरलं की चार-पाच. "बिल शून्य" हे ऐकून हुरळून जाऊ नका, स्थिर आकार भरावाच लागतो. आणि बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेलं, सोलर लाइट गेली की स्वतःही बंद पडतं, नाहीतर त्याची वीज तारेत जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. हे आमच्या ह्यांना पटायला एक आख्खी दुपार गेली.

जानेवारीत फोन केल्यावर त्यांनी दोन माणसं पाठवून ती दोन्ही पॅनल उत्तरेकडे सरकवून दिली, एक रुपया घेतला नाही. वॉटरप्रूफिंगचे पैसे मात्र मीच भरले, त्यावर त्यांचं अजून उत्तर आलेलं नाही.